कासव आणि दोन हंस : तात्पर्याचा प्रवास

प्राणिकथा मुलांसाठी पुन्हा सांगितली जाते तेव्हा तिचे कथानक सहसा टिकते. बदलते ते तात्पर्य. पंचतंत्रातील कासव आणि हंसांची कथा हे याचे बोलके उदाहरण होय. तळे आटते, कंबुग्रीव नावाचे कासव काठी तोंडात धरते आणि दोन हंस तिची टोके धरून उडतात. खालच्या लोकांचा गलबला ऐकून कासव तोंड उघडते आणि कोसळते. बालवाचकांसाठीच्या पुस्तकांत यातून बहुधा ‘फार बोलू नये’ एवढाच बोध काढलेला असतो.

‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात मात्र ही कथा टिटवी आपल्या नराला सांगते. समुद्रकाठी अंडी घालणे धोक्याचे आहे, हा तिचा सल्ला त्याने मानलेला नाही. हितचिंतकांचे न ऐकणाऱ्याची कासवासारखी गत होते, असे ती त्याला बजावते. समुद्र अंडी नेतो. तरीही नर हटत नाही. गरुडामार्फत दाद विष्णूपर्यंत जाते आणि समुद्राला अंडी परत करावी लागतात. म्हणजे टिटवीचा बोध चौकटीतील कथेतच पूर्णपणे खरा ठरत नाही. शिवाय ही चौकटकथा संजीवकाला सांगणारा दमनक स्वतः कपटी आहे. येथील नीती ही आज्ञा नसून कोणीतरी, कोणाला तरी, काही हेतूने केलेला युक्तिवाद आहे.

वाचाळपणाचा बोधही अर्वाचीन नव्हे. पाली कच्छपजातकात बोधिसत्त्व हा बडबड्या राजाचा अमात्य असून कासवाच्या मरणाचे निमित्त साधून तो राजाला संयम शिकवतो. ला फाँतेनच्या १६७८-७९ च्या फ्रेंच संग्रहात हंसांच्या जागी बदके येतात आणि वाचाळपणाच्या जोडीला गर्व व पोकळ कुतूहल येते.

मराठीत छापील नीतिकथांचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे भाषांतर निघाले; सेरामपूरला १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ छापला गेला. पुढे शालेय वाचनात दोन्ही परंपरा शेजारी आल्या. इसापच्या कथेला शेवटी तात्पर्य जोडण्याची रीत सोयीची होती. पंचतंत्रात मात्र बोधाचे वचन आधी येते, श्रोता ते कसे घडले असे विचारतो आणि मग कथा सुरू होते. चौकट गळली की हा प्रश्नही गळतो.

संक्षेप बालसाहित्यात अटळ आहे. परंतु पुनर्कथनात काय वगळायचे, ही केवळ लांबीची बाब नाही. टिटवी आणि तिचा नर यांना कथेत राहू दिले, तर कोणाचे म्हणणे खरे, हे मूल विचारू शकते. त्यांना वगळले, तर त्याच्या हाती केवळ निकाल येतो.