साच्यावरून अध्यक्षपदावर: अर्जुन आळवे आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

(केडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय थोडक्यात असा आहे: कापड विणणारा किंवा कपडे शिवणारा माणूस सत्तेच्या खुर्चीवर बसला, तर त्याच्यासारख्या बाकीच्यांचं राज्य आलं, असं म्हणता येतं का? समाजवादी विचारानं हे स्वप्न शंभर-दीडशे वर्षं उराशी बाळगलं. त्याचं काय झालं हे पाहण्यासाठी रशियापासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्या स्टेशनवरून जी लाईन जाते तिचं एक टोक मुंबईला, आणि त्याच लाईनवर पुढे सोलापूर. दोन्ही गिरण्यांची शहरं. तिथूनच सुरुवात करू.

अर्जुन आत्माराम आळवे हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. डांगे आठवतात, जोगळेकर, निंबकर, मिरजकर आठवतात. आळवे मात्र स्वतः गिरणी कामगार होते, साच्यावर काम केलेले. साचा म्हणजे माग. मुंबईच्या गिरणीत विणणाऱ्याला साचेवालाच म्हणत. १९२३ च्या अखेरीस कामगारांनी स्वतःच गिरणी कामगार महामंडळ काढलं. आळवे त्याचे अध्यक्ष. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण नेहमी सांगितलं जातं की शिकलेली मंडळी आली आणि त्यांनी कामगारांना जागं केलं. कम्युनिस्ट मंडळी गिरणगावात जोरानं उतरायच्या आधीच कामगार आपली संघटना बांधून बसले होते.

मग आलं १९२८ साल. मालकांनी नवी पद्धत आणली. साचेवाल्यानं दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. म्हणजे माणसं कमी, काम जास्त, आणि दरही उतरलेले. एप्रिलच्या अखेरीला संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. संप चालू असतानाच, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि तिचे अध्यक्ष झाले आळवे. वर्ष संपताना युनियनचे सभासद ५० हजारांच्या वर गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे युनियनचं पद झालं, राजकीय पद कुठे? त्यासाठी त्या वेळची व्यवस्था बघायला हवी. तेव्हा मतदान सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर, भाडं अशा अटी होत्या. दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते, पण ते सरकारनियुक्त. चाळीत राहणाऱ्या साचेवाल्याला स्वतःच्या मतानं ज्या खुर्चीवर माणूस बसवता येत होता, अशी मोठी खुर्ची त्या काळात एकच होती, आणि ती युनियनची. सरकारलाही हे कळत होतं. २० मार्च १९२९ ला देशभरात पकडापकडी झाली, मीरत कटाचा खटला उभा राहिला. आरोपींमध्ये डांगे होते, ब्रिटनहून आलेले स्प्रॅट आणि ब्रॅडली होते, आणि त्यांच्याच रांगेत गिरणी कामगार आळवे आणि कसले होते. खटला चार वर्षं चालला. १९३३ च्या जानेवारीत दोघांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं. तोवर मुंबईतली युनियन फुटून खिळखिळी झाली होती.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला यात रस आहे तो एका शब्दापुरता. तो शब्द म्हणजे प्रतिनिधी. हाना पिटकिन नावाच्या विदुषींनी १९६७ साली या एकाच कल्पनेवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातले तीन धागे आपण घेऊ. पहिला सारखेपणाचा: प्रतिनिधी आपल्यासारखा दिसावा, आपल्यातला असावा. दुसरा जाब देण्याचा: त्याला आपल्याला हटवता यावं. तिसरा हिताचा: तो आपल्यातला असो-नसो, काम आपलं करावं. आपण बोलताना हे तिन्ही एकत्र कालवतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आळव्यांच्या बाबतीत सारखेपणा होता. मुकादमाला द्यावी लागणारी दस्तुरी, डाग पडला म्हणून गळ्यात मारलेला तागा, बदलीवाल्याचं रोज सकाळी गेटवर उभं राहणं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण वाटाघाटी इंग्रजीत. दरांची कोष्टकं अशी की भल्याभल्यांना उलगडू नयेत. संपानंतर फॉसेट कमिटी बसली, तिच्यासमोर कामगारांची बाजू लढवायला डांग्यांसारखे शिकलेलेच पुढे राहिले. म्हणजे अध्यक्ष साचेवाला, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात. गंमत बघा, आळवे मीरतला असताना तिकडे इटलीत ग्रामशी तुरुंगात बसून नेमका हाच प्रश्न लिहून काढत होता. त्याचं म्हणणं, प्रत्येक वर्गाला स्वतःच्या पोटातून विचार करणारी माणसं घडवावी लागतात, उसनी घेऊन भागत नाही. मुंबईत ती घडायला लागली होती. युनियननं गिरणीगिरणीत कमिट्या केल्या होत्या, खात्याखात्यातले कामगार त्यांत बसत, तक्रारी तिथे येत. माझ्या मते आळव्यांच्या अध्यक्षपदापेक्षा या गिरणी कमिट्या महत्त्वाच्या, कारण जाब विचारायची जागा तिथे होती.

पण सारखेपणाचीही एक दुखरी बाजू आहे आणि ती लपवू नये. साचेखात्यात दलित कामगारांना काम मिळत नव्हतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. सवर्ण साचेवाले म्हणत, यांचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. आणि साचेखात्यातच पगार चांगला! १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. तेव्हा विचारायला हवं, साचेवाला अध्यक्ष झाला म्हणजे कोण अध्यक्ष झाला? ज्याला त्या खात्याचं दारच बंद आहे त्याचाही तो आपलाच माणूस का? वाइंडिंगमधल्या बायकांचाही प्रश्न हाच.

आता जरा बाहेर बघू. सोव्हिएत रशियात येकातेरिना फुर्त्सेवा तरुणपणी कापड कारखान्यात विणकर होत्या. १९५७ साली त्या पक्षाच्या सर्वोच्च मंडळात पोचल्या, १९६० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, सांस्कृतिक मंत्री होत्या. चीनमध्ये वू ग्वीश्येन या सूतगिरणीतल्या कामगार बाई १९७५ साली थेट उपपंतप्रधान झाल्या. वारं फिरलं तसं १९७७ मध्ये पद गेलं आणि त्या आपल्या गिरणीत परत गेल्या. ही मोठीच झेप आहे, तिला नावं ठेवू नका. विणकर बाई मंत्री झाली हे भांडवलशाही देशांत तेव्हा किती ठिकाणी घडलं? पण फुर्त्सेवांना वर कुणी नेलं? पक्षानं. खाली आणायचा अधिकार कुणाचा? पक्षाचाच. ज्या बायका मागावर मागे राहिल्या त्यांच्या हातात यातलं काही नव्हतं. म्हणजे पहिला धागा पक्का, दुसरा तुटलेला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर उलटं झालं. प्रौढ मतदान आलं, प्रतिनिधीला हटवायचा अधिकार आला. १९५७ साली गिरणगावच्या मतांवर डांगे लोकसभेत गेले. १९८२ च्या संपाचे नेते दत्ता सामंत डॉक्टर, १९८४ ला तेही खासदार झाले. साचेवाल्यानं मत दिलं, पण खासदार साचेवाला नव्हता.

सोलापूरकडे मात्र वेगळं चित्र दिसतं. यंत्रमाग आणि विडी कामगारांचे नेते नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. मोठा पक्ष पाठीशी नाही, सरकार आपलं नाही. तरी कुंभारीला विडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, नंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रेनगर मंजूर झालं. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. ते पंतप्रधान त्यांच्या राजकारणाच्या अगदी विरुद्ध बाजूचे! इथे तिसरा धागा दिसतो, हिताचा. त्यांचं सगळं राजकारण तुम्हाला पटो न पटो, कामगाराचं नेमकं दुखणं काय हे त्यांना ठाऊक होतं: पावसाळ्यात गळणारी खोली.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या गावांचा. पंचायतीत आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शिलाई मशीनवर बसणारी, ऊसतोडीला जाणारी बाई सदस्य होते, सरपंच होते. आपण टाळ्या वाजवतो आणि तिथेच थांबतो. सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा असेल, तर ती आळव्यांचीच अडचण आहे. फक्त इंग्रजीच्या जागी ग्रामसेवकाची फाईल आली. तिला फाईल वाचता यायला हवी, आणि ज्या बायकांतून ती आली त्यांना ग्रामसभेत उठून तिला विचारता यायला हवं. यातलं एक झालं आणि दुसरं राहिलं, तर कामगाराचा फक्त फोटो खुर्चीवर बसतो.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, म्हणजे शिकलेल्या माणसानं कामगारांचं नेतृत्व करूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, अजिबात नाही. डांगे नसते तर फॉसेट कमिटीसमोर कामगारांची बाजू लंगडी पडली असती. शिकलेल्यानं यावं, जरूर यावं. पण पाच-दहा वर्षांनी त्याला विचारावं, की बाबा, तुझं काम करू शकतील अशी इथली किती माणसं तू तयार केलीस? उत्तर शून्य असेल तर तो नेता हुशार असेल, प्रामाणिकही असेल, पण त्याच्या हातून निम्मंच काम झालं. आणि तो गेल्यावर संघटना का कोसळली, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.