इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ व साहसाचे खेळ

विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाचा तास म्हटला कीं तुमच्यापैकीं पुष्कळांच्या कपाळावर आंठ्या पडतात, हें मी आज वीस वर्षें पाहत आहें. काळाचें नांव घोकावें, तक्ता पाठ करावा, परीक्षेंत रिकाम्या जागा भराव्या आणि निकाल लागतांच सर्व विसरून जावें, असाच बहुतेकांचा क्रम असतो. परंतु एका काळाचा अर्थ नीट न कळल्यामुळें एका मुलाचा जीव धोक्यांत आला असता, असा प्रसंग मीं स्वतः पाहिला आहे. तो आधीं सांगून मग नियमांकडे वळतों.

दोन वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत नववीच्या कांहीं मुलांस घेऊन मी लोणावळ्याजवळच्या एका कड्यावर गेलों होतों. दोराच्या आधारानें कडा कसा उतरावा, हें त्यांना तेथें शिकावयाचें होतें. शिकविणारे गृहस्थ परप्रांतींचे असल्यामुळें इंग्रजींतच बोलत. प्रत्येक मुलाच्या कमरेस पट्ट्यांचा साज बांधलेला होता, आणि त्या साजाशीं दोर जोडण्यासाठीं धातूची एक कडी होती. ह्या कडीला एक लहानशी झडप असते व झडपेवर फिरकीची नळी असते. नळी फिरवून घट्ट केली म्हणजे झडप आपोआप उघडत नाहीं. आमच्या एका हुशार मुलानें ती नळी घट्ट केली. पुढें दोराला पीळ पडला, म्हणून त्यानें कडी उघडली, दोर सरळ केला व कडी पुन्हां अडकविली. नळी फिरविण्याचें मात्र राहून गेलें. तो कड्याच्या कांठाशीं येतांच शिक्षकांनीं विचारलें, “हॅव्ह यू लॉक्ट इट?” मुलानें तत्काळ उत्तर दिलें, “येस सर, आय लॉक्ट इट.” शिक्षकांनीं कडीला हात लावून पाहिला. नळी सैल होती!

मुलगा खोटें बोलला काय? मुळींच नाहीं. ‘मीं ती लावली’ हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यानें ती दहा मिनिटांपूर्वीं लावलीच होती. परंतु शिक्षकांनीं त्याला तें विचारलेंच नव्हतें. कडी लावलेली आहे काय, आतां, ह्या क्षणीं, असा त्यांचा प्रश्न होता. साध्या भूतकाळांतील उत्तर खरें आणि पूर्ण वर्तमानकाळांतील उत्तर खोटें, अशी ती स्थिति होती. आणि त्या दोहोंमध्यें कड्याची सगळी उंची उभी होती.

आतां ह्या काळाची घडण पाहूं. ‘हॅव्ह’ किंवा ‘हॅज’ हें सहाय्यक क्रियापद आणि त्यापुढें मुख्य क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित, एवढीच ती आहे. इंग्रजींत ‘हॅव्ह’ म्हणजे जवळ असणें. ज्या क्रियेला कर्म आहे, तेथें ‘आय हॅव्ह टाइड द रोप’ ह्या वाक्याचा जुना अर्थ ‘बांधलेल्या स्थितींतला दोर माझ्यापाशीं आहे’ असा होता. शेंकडों वर्षांच्या वापरानें तो अर्थ झिजून ‘मीं दोर बांधला आहे’ असा झाला. पण त्याचें मर्म अद्यापि गेलेलें नाहीं. क्रिया भूतकाळांत घडली, फळ मात्र आज हातांत आहे, हें सांगणारा तो काळ होय. म्हणूनच त्याच्या नांवांत ‘वर्तमान’ हा शब्द आहे. ह्या एका गोष्टीवर बाकीचे सर्व नियम उभे आहेत.

मराठींतही ‘बांधला’ व ‘बांधला आहे’ असा भेद आहे. तेव्हां हा काळ आपणांस परका नाहीं. परंतु दोन्ही भाषांचे मार्ग चार ठिकाणीं वेगळे होतात, आणि आपलीं मुलें नेमकीं तेथेंच अडखळतात.

पहिलें ठिकाण ‘आहे’चें. मराठींत ‘मीं दोर बांधला आहे’, ‘मीं गांठ बांधली आहे’, ‘मीं दोर बांधले आहेत’ असें म्हणतांना क्रियापद कर्माप्रमाणें बदलतें. इंग्रजींत तें कर्त्याकडे पाहतें, कर्माकडे कधींच पाहत नाहीं. दोर एक असो वा दहा असोत, बांधणारा ‘आय’ असेल तर ‘हॅव्ह’ आणि ‘ही’ असेल तर ‘हॅज’. ‘आय हॅज टाइड’ असें लिहिणाऱ्या मुलानें मराठीची संवय इंग्रजींत नेलेली असते.

दुसरें ठिकाण वेळ सांगण्याचें. ‘मीं काल त्यास पत्र लिहिलें आहे’ हें वाक्य मराठी कानास खटकत नाहीं. इंग्रजींत मात्र ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन 1984’ असा ठराविक गत काळ उच्चारला कीं पूर्ण वर्तमानकाळास तेथें प्रवेश नाहीं. बचेंद्री पाल ह्या एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला; त्या 23 मे 1984 रोजीं शिखरावर पोहोंचल्या. ‘बचेंद्री पाल क्लाइम्ड एव्हरेस्ट इन 1984’ हें शुद्ध, ‘बचेंद्री पाल हॅज क्लाइम्ड एव्हरेस्ट’ हेंही शुद्ध; पण दुसऱ्या वाक्याला ‘इन 1984’ जोडलें कीं तें अशुद्ध झालें. पहिलें वाक्य इतिहास सांगतें, दुसरें त्या व्यक्तीच्या पदरीं आज काय आहे तें सांगतें.

ह्यांतूनच एक सूक्ष्म नियम निघतो. ज्याचें आयुष्य संपलें, त्याच्या स्वतःच्या कृत्यांविषयीं सामान्यतः पूर्ण वर्तमानकाळ योजीत नाहींत. तेन्सिंग नोर्गे व एडमंड हिलरी हे 29 मे 1953 रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रथम उभे राहिले. तेन्सिंग 1986 सालीं व हिलरी 2008 सालीं निवर्तले. म्हणून त्यांच्याविषयीं आज ‘दे क्लाइम्ड’ असेंच म्हणावें. उलट मालावत पूर्णा ह्या तेलंगणांतील सरकारी निवासी शाळेच्या विद्यार्थिनीनें 25 मे 2014 रोजीं, वयाची चौदा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तें शिखर गांठलें. तिच्याविषयीं ‘शी हॅज क्लाइम्ड एव्हरेस्ट’ असें आपण म्हणतों, कारण तिचें खातें चालू आहे व त्यांत आणखी जमा होऊं शकतें. मुलांनो, तुमचेंही खातें चालू आहे, हें लक्षांत असूं द्या.

तिसरें ठिकाण ‘गेला आहे’ ह्या आपल्या शब्दप्रयोगाचें. ‘तो हिमालयांत गेला आहे’ म्हणजे तो सध्यां तेथें आहे. आणि ‘तो दोनदां हिमालयांत गेला आहे’ म्हणजे जाऊन परत आला आहे. मराठींत दोहोंस एकच क्रियापद चालतें. इंग्रजींत गेलेला परतला नसेल तर ‘ही हॅज गॉन’, परतला असेल तर ‘ही हॅज बीन’. जॉर्ज मॅलरी नांवाचे एक इंग्रज शाळाशिक्षक होते. 8 जून 1924 रोजीं ते आपला तरुण सोबती अँड्र्यू आयर्व्हिन ह्याच्यासह एव्हरेस्टच्या शिखराकडे चढतांना शेवटचे दिसले. खालच्या छावणींत वाट पाहणाऱ्या मंडळींना त्या सायंकाळीं ‘दे हॅव्ह गॉन’ एवढेंच म्हणतां येण्यासारखें होतें. ‘दे हॅव्ह बीन’ म्हणण्याची वेळ आलीच नाहीं. मॅलरींचा देह 1999 सालीं 8,000 मीटरांहून अधिक उंचीवर सांपडला, आणि 2024 सालीं आयर्व्हिनचें एक पाऊल बूट व मोज्यासह हिमनदींत मिळालें. ते माथ्यावर पोहोंचले होते कीं नाहीं, ह्याचा निर्णय झालेला नाहीं. ‘गॉन’ आणि ‘बीन’ ह्यांतील अंतर किती असूं शकतें, हें ह्या एका गोष्टीवरून ध्यानांत येईल.

चौथें ठिकाण चालू असलेल्या क्रियेचें. ह्या लेखाच्या आरंभीं मीं ‘आज वीस वर्षें पाहत आहें’ असें लिहिलें. मराठींत येथें वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजींत मात्र जी गोष्ट मागें सुरू होऊन आजवर चालत आली आहे, तिला पूर्ण वर्तमानकाळच हवा: ‘आय हॅव्ह सीन धिस फॉर ट्वेंटी इयर्स’. ‘आय अॅम सीइंग धिस सिन्स ट्वेंटी इयर्स’ असें लिहिलें तर दोन चुका एकदमच होतात. कालाची लांबी सांगावयाची असेल तर ‘फॉर’, आणि आरंभाचा बिंदु सांगावयाचा असेल तर ‘सिन्स’ योजावें. दोराची लांबी म्हणजे ‘फॉर’ आणि दोर जेथें बांधला ती मेख म्हणजे ‘सिन्स’, असें ध्यानांत ठेविल्यास विसर पडणार नाहीं.

क्रियापदांचीं तिसरीं रूपें पाठ केल्यावांचून गत्यंतर नाहीं. पण तीं रुक्ष यादींतून पाठ न करतां खेळांबरोबर करावीं. पोहणाऱ्यानें ‘स्विम, स्वॅम, स्वम’ म्हणावें, उडणाऱ्यानें ‘फ्लाय, फ्लू, फ्लोन’, घोडेस्वारानें ‘राइड, रोड, रिडन’, आणि पडणाऱ्यानें ‘फॉल, फेल, फॉलन’. ‘आय हॅव्ह वेंट’ असें कधींही म्हणूं नये. ‘वेंट’ हें रूप साध्या भूतकाळाचें आहे, ‘हॅव्ह’शीं त्याचें जमत नाहीं.

आतां ह्या खेळांच्या शब्दांविषयीं थोडें सांगतों. हे शब्द नाना देशांतून इंग्रजींत आले आहेत, व त्यांचें मूळ कळलें कीं अर्थ आपोआप मनांत ठसतो. दोरानें कडा उतरण्यास ‘रॅपलिंग’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘परत बोलावणें’ असा आहे. कारण दोर वर नुसता दुहेरी ओंवून ठेवितात, आणि खालीं उतरल्यावर त्याचें एक टोंक ओढून तो परत घेतात. ‘बिले’ हा खलाश्यांचा शब्द. जहाजावर खुंटीभोंवतीं दोर गुंडाळून पक्का करणें, हा त्याचा अर्थ. चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळून धरण्यास आतां तोच शब्द लावतात. ज्या कडीमुळें हा लेख लिहावा लागला, ती ‘कॅराबिनर’ जर्मन भाषेंतून आली आहे. घोडेस्वार आपली आंखूड बंदूक ज्या आंकड्यास अडकवीत, त्यावरून तें नांव पडलें. कमरेच्या साजास ‘हार्नेस’ म्हणतात. घोड्याच्या साजासही तोच शब्द आहे. ‘कयाक’ ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कातड्यानें मढविलेली शिकारीची होडी. ‘पॅराशूट’ ह्या शब्दाचे दोन भाग आहेत, ‘वारणारें’ आणि ‘पतन’. म्हणजे पतनापासून रक्षण करणारी छत्री. तिच्या पहिल्या भागास तरंगत जाण्याचा शब्द जोडून ‘पॅराग्लायडिंग’ झालें, आणि कामशेतच्या टेकड्यांवर तें आपल्या दृष्टीसही पडतें. कोलाडजवळ कुंडलिका नदींत धरणाचें पाणी सुटलें म्हणजे फुगविलेल्या तराफ्यांतून जो प्रवास करतात, तो ‘राफ्टिंग’. येथेंही वरचा भेद विसरूं नका: ‘माय ब्रदर हॅज गॉन राफ्टिंग’ म्हणजे भाऊ अजून नदीवर आहे, ‘माय ब्रदर हॅज बीन राफ्टिंग’ म्हणजे तो घरीं येऊन भिजलेले कपडे वाळत घालीत आहे.

आणि ‘अॅडव्हेंचर’ हा शब्दच पाहा. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘जें पुढें येणार आहे तें’ असा होतो. पुढें काय येईल तें ठाऊक नसतां पाऊल टाकणें, हें साहस. आणि पाऊल टाकण्यापूर्वीं आपली तयारी ह्या क्षणीं पुरी आहे कीं नाहीं हें तपासणें, हें पूर्ण वर्तमानकाळाचें काम. ज्याला दुसरें जमत नाहीं, त्यानें पहिल्याच्या वाटेस जाऊं नये. नुसत्या धाडसाला साहस म्हणत नाहींत.

पालकांसही एक विनंति आहे. इंग्रजी येत नसलें तरी हा काळ मुलांस शिकविणें आपल्या हातीं आहे. ‘अभ्यास केलास का?’ असें विचारलें कीं मुलगा ‘केला’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजीं ‘अभ्यास झालेला आहे का? दाखव पाहूं,’ असें विचारावें. गेलेल्या गोष्टीचा दाखला आणि आज हातांत असलेलें फळ ह्यांतील भेद ज्याला घरच्या मराठींत कळला, त्याला तो इंग्रजींत समजावयास वेळ लागत नाहीं.

त्या दिवशींच्या मुलाचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्यानें लाजून नळी फिरविली, दोनदां ओढून पाहिली, आणि शिक्षकांकडे तोंड करून हळूच म्हणाला, “सर, नाउ आय हॅव्ह लॉक्ट इट.” शिक्षक हंसले. वाक्य निर्दोष होतें, तरीही त्यांनीं पुन्हां एकदां कडीला हात लावून पाहिला, आणि मगच त्याला कड्यावरून खालीं सोडलें.