तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

खापरी, शिवणगावच्या बायांना विमानाचा आवाज काही नवा नाही. मिहानला लागूनच नागपूरचं विमानतळ आहे. पण आता त्या विमानांत आपल्या घरची माणसंही बसू लागली आहेत. म्हणून आज आपण विमानाचं तिकीट वाचायला शिकू या.

आमच्या बचतगटातल्या एका ताईचा मुलगा कतार देशात, दोहाला कामासाठी निघाला. तिकिटासाठी ताईनं गटातून कर्ज घेतलं. तिकिटावर लिहिलं होतं, 10 तारीख, 03:45. घरच्यांनी 10 तारखेला रात्री जेवण करून निघायचं ठरवलं. विमान तर त्याच दिवशी पहाटे निघून गेलं होतं! तिकिटाचे पैसे बुडाले, कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

तर पहिली गोष्ट. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. तिकिटावर घड्याळ 24 तासांचं असतं. 03:45 म्हणजे पहाटेचे पावणेचार, दुपारचे असते तर 15:45 लिहिलं असतं. परदेशी जाताना विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं. म्हणजे 10 तारखेच्या त्या विमानासाठी 9 तारखेला रात्रीच घर सोडायला हवं होतं.

दुसरी गोष्ट अंतराची. नागपूर ते दोहा सरळ रेषेत सुमारे 2,800 किलोमीटर आहे. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, त्याच्या चौपट. थेट विमानाला साधारण सव्वाचार तास लागतात. पण तिकिटावर निघायची वेळ 03:45 आणि पोहोचायची 05:30 दिसेल. मग पावणेदोन तासांतच पोहोचलं का? नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दोहा आपल्या पश्चिमेला आहे, तिथं सूर्य उशिरा उगवतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. पावणेदोनात अडीच मिळवा, सव्वाचार तास झाले.

परतताना उलटं होतं. दोहाहून रात्री 20:00 ला निघालेलं विमान नागपूरला 02:15 ला उतरेल. दिसतात सव्वासहा तास. त्यातून अडीच वजा करा, पावणेचार उरतात. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे बहुतेक वेळा विमानाला मागून रेटतात. आणि उतरेपर्यंत तारीख बदललेली असते. अशा वेळेपुढे बहुधा ‘+1’ लिहितात, म्हणजे दुसरा दिवस. घ्यायला जाणाऱ्यांनी तेवढं नक्की पाहावं.

तिकीट हाती आलं की तीन गोष्टी मराठीत कागदावर लिहून भिंतीला लावा : घर कोणत्या वारी, किती वाजता सोडायचं; विमान किती वाजता सुटतं; आपल्या घड्याळाप्रमाणे ते किती वाजता उतरतं. गटाच्या बैठकीत तो कागद एकदा सगळ्यांना वाचून दाखवा.

आणि हो, लेकराला फोन करतानाही हाच हिशेब. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तेव्हा दोहात संध्याकाळचे साडेसहा. तो नुकताच कामावरून आलेला असेल. त्याला जरा चहा घेऊ द्या, मग बोला.