ती बाटली कचरा नव्हती

सातवीत असताना वाळपईजवळ म्हादईत तरंगणाऱ्या एका रिकाम्या बाटलीची दोरी मी कापली आणि बाटली कचऱ्याच्या पिशवीत टाकली. नदी साफ केली म्हणून केवढी खूश! ती पपांच्या जाळ्याची खूण होती. पपा ओरडले नाहीत, पण जाळं काही सापडलं नाही. नायलॉन कुजत नाही. तळाशी पडून ते मासे अडकवतच राहतं, आणि ते मासे कुणाच्याच ताटात येत नाहीत.

तेव्हापासून घरचे बोये मीच करते. लिटरची बाटली आतून पूर्ण वाळवायची, बूच घट्ट लावून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. हवाबंद बाटली किलोभर पाणी बाजूला सारते, म्हणून थोड्याशा ओढीने बुडत नाही. दोरी गळ्यातल्या कड्याखाली बांधा, बुचाला नव्हे. दुसरं टोक जाळ्याच्या दगडाला. गुळगुळीत गोटा गाठीतून निसटतो. खाच पाडलेला चिऱ्याचा तुकडा बरा.

खरी गोम दोरीच्या लांबीत. कोंडाच्या खोलीइतकीच ठेवली तर पाणी चढताच बोया बुडतो. फार लांब ठेवली तर तो भलतीकडे भरकटतो आणि खूण खोटी ठरते. आम्ही खोलीच्या दीडपट ठेवतो.

बाहेरून लावलेला रंग खरवडला जातो, म्हणून मी आत लाल चिंधी कोंबते. सोबत एक चिठ्ठी, अक्षरं बाहेरून दिसतील अशी: ‘खाली जाळं आहे, दोरी कापू नये.’