हस्तव्यवसायासाठी चामड्याची पारख

हाताने बनविलेल्या चामड्याच्या वस्तूचे आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : कारागिराचे कौशल्य आणि त्याला मिळालेले चामडे. यांपैकी पहिली गोष्ट त्याच्या स्वाधीन असते; दुसरी पुरवठादाराच्या. कमरेच्या पट्ट्याला सहा महिन्यांत भेगा पडल्या, तर ग्राहक ते चामडे कमावणाऱ्या चर्मालयाचा शोध घेत नाही. तो पट्टा बनविणाऱ्याच्याच दारी येतो. मोठ्या कारखान्याजवळ प्रयोगशाळा असते आणि नापसंत माल परत करण्याइतके वजनही असते. लहान कारागीर चार-दोन कातडी रोखीने घेतो. माल वाईट निघाला, तर त्याचे भांडवल त्यात अडकून पडते. म्हणून चामडे कसे तयार होते, त्याचे गुणदोष कसे ओळखावे आणि ते कोणाकडून घ्यावे, याचे ज्ञान त्याला हत्यारांइतकेच आवश्यक आहे.

कातड्याचे चामडे कसे होते

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे आणि कमावून टिकाऊ केलेले ते चामडे, हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा. ताज्या कातड्यात सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. ओलसर कातडे जिवाणूंमुळे लवकर कुजते. म्हणून ते काढताच मीठ लावून ठेवावे लागते. मीठ लावण्यास विलंब झाला, तर केसांकडील बाजूवर बारीक खड्डे पडतात. पुढे कितीही चांगली कमावणी केली, तरी ते भरून येत नाहीत.

चर्मालयात कातडे प्रथम पाण्यात भिजवितात, नंतर चुन्याच्या निवळीत ठेवून त्याचे केस सैल करतात आणि मांसाकडील बाजू खरवडून स्वच्छ करतात. चुना धुऊन काढल्यावर खरी कमावणी सुरू होते. कमावणीची द्रव्ये कोलॅजेनच्या तंतूंना बांधून ठेवतात. त्यामुळे ते कुजत नाहीत, सुकल्यावर परस्परांना चिकटून कडक होत नाहीत आणि उष्णतेनेही सहजासहजी आकसत नाहीत. न कमावलेले कातडे पाण्यात सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाला आकसू लागते. क्रोमियमने नीट कमावलेले चामडे उकळत्या पाण्यातही काही मिनिटे टिकून राहते.

कमावणीच्या दोन रीती

पहिली रीत वनस्पतिज कमावणीची. बाभळीची व तरवडाची साल, हिरड्याची फळे इत्यादींत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. महाराष्ट्रातील जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात साल व हिरडा यांचा अर्क भरीत आणि ती पिशवी टांगून ठेवीत; अर्क हळूहळू झिरपून कातड्यात मुरत असे. या कामाचे ज्ञान ढोर समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. खड्ड्यांत मुरवून केलेल्या वनस्पतिज कमावणीला कित्येक आठवडे लागतात. असे चामडे घट्ट व भरीव असते, त्यावर ठसे व नक्षी स्वच्छ उमटतात आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. कोल्हापुरी चपला, पट्टे व खोगिरे यांना ते योग्य होय.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे एकस्व १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्झ याने अमेरिकेत घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास येथे तिचे प्रयोग केले. पुष्कळदा एका दिवसातच पार पडणाऱ्या या कमावणीचे चामडे मऊ व लवचीक असून उष्णता आणि पाणी यांना अधिक दाद देत नाही. बुटांचे वरचे भाग, हातमोजे व मऊ पिशव्या यांसाठी ते सोयीचे असते. परंतु त्यावर नक्षी चांगली उमटत नाही.

एक रीत चांगली व दुसरी वाईट, असे म्हणता येत नाही. ज्या कामाला जे योग्य, ते न मिळणे हाच खरा दोष. पाकिटाला सुमारे १ मिलिमीटर जाडीचे चामडे पुरते, तर एकपदरी कमरेच्या पट्ट्याला ३ ते ४ मिलिमीटर जाडी लागते.

एकाच कातड्यातील भेद

कातडे सर्वत्र सारखे नसते. पुठ्ठ्याकडील व पाठीवरील भागात तंतू सर्वांत दाट असतात. पोटाकडील भाग सैल असून ताणला जातो. मानेवर सुरकुत्या असतात. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा थोड्याच दिवसांत लांबतो, हे अनुभवी कारागीर जाणतात.

जाड कातडे यंत्राने आडवे चिरून त्याचे थर वेगळे करता येतात. केसांकडील वरचा थर सर्वांत बळकट. खालच्या थरावर कृत्रिम लेप देऊन दाणा छापला, म्हणजे तोही वरच्या थरासारखा दिसू लागतो. पण लेप उडाला की त्याचे खरे रूप प्रकट होते. चामड्याचा चुरा चिकट द्रव्याने एकत्र करून बनविलेले तक्ते हे तर मूळ तंतुजाळ नसलेले निराळेच द्रव्य होय. असा माल विकणे गैर नाही. तो वरच्या थराचा म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

घरच्या घरी करावयाच्या कसोट्या

चामड्याची कापलेली कड पाहावी. वनस्पतिज कमावणी आरपार गेली असेल, तर कडेचा रंग सर्वत्र तपकिरी दिसतो. मध्ये फिकट, कडक रेघ दिसल्यास कमावणी अपुरी राहिली असे समजावे. क्रोमियमच्या न रंगविलेल्या चामड्याची कड निळसर असते. दाण्याची बाजू आत घेऊन चामडे वाकवावे : बारीक सुरकुत्या पडून पुन्हा नाहीशा झाल्या, तर वीण घट्ट आहे, मोठ्या, पोकळ वळ्या उठल्या, तर ती सैल आहे. ओलसर पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का, तेही पाहावे. वनस्पतिज चामड्यावर ओला लोखंडी खिळा ठेवल्यास काळा डाग पडतो, कारण टॅनिन व लोह यांचा संयोग होतो. म्हणूनच अशा चामड्याला लोखंडाऐवजी पितळी बकले व रिबिटे लावणे श्रेयस्कर.

काही दोष मात्र प्रयोगशाळेतच कळतात. कमावणीत वापरावयाचे क्रोमियम त्रिसंयुजी असते; प्रक्रियेत हलगर्जीपणा झाल्यास त्यापासून अपायकारक षट्‌संयुजी क्रोमियम निर्माण होऊ शकते. युरोपीय संघात १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चर्मवस्तूंमध्ये त्याचे प्रमाण कोरड्या चामड्याच्या दर किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे बंधनकारक आहे. असा माल परदेशी पाठवावयाचा असल्यास पुरवठादाराकडून परीक्षणाचा दाखला मागणे हा कारागिराचा हक्क होय. या विषयातील संशोधनासाठी चेन्नई येथे १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली.

चामडे कोठून येते

भारतात चर्मालये काही ठराविक केंद्रांत एकवटली आहेत. तमिळनाडूत राणीपेट, आंबूर व वाणियंबाडी ही मोठी केंद्रे. त्याच राज्यात तिरुचिरापल्ली व दिंडिगुल या भागांतील वनस्पतिज कमावणीचे चामडे ‘ईस्ट इंडिया’ या नावाने प्रसिद्ध आहे. कानपूर खोगिरे व घोड्यांचे साज यांसाठी नावाजलेले आहे. कोलकात्याची चर्मालये शहराबाहेर हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यानंतर बानतला येथील वसाहत उभी राहिली.

कमावणीच्या सांडपाण्याने नद्या व विहिरी नासतात, हे पालार नदीच्या खोऱ्यात दिसून आले. कारागिराचाही या गोष्टीशी संबंध आहे : सांडपाण्याची व्यवस्था नसलेले चर्मालय केव्हाही बंद पडू शकते, आणि त्यावर विसंबलेला पुरवठा त्याच दिवशी तुटतो. कातड्याचे मूळ कायदेशीर असणेही तितकेच महत्त्वाचे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे.

पुरवठादार कसा ओळखावा

चामडे चौरस फुटांवर किंवा चौरस डेसिमीटरवर विकतात. १ चौरस फूट म्हणजे सुमारे ९.२९ चौरस डेसिमीटर. केवळ फुटाच्या दरावरून स्वस्ताई ठरवू नये. समजा, २० चौरस फुटांचे एक चामडे फुटास १०० रुपयांनी घेतले आणि डाग व छिद्रे वगळून १२ फूट उपयोगी आले. तर उपयुक्त फूट सुमारे १६७ रुपयांना पडला. तेवढेच दुसरे चामडे १३० रुपयांनी घेऊन त्यातील १८ फूट वापरता आले, तर तो सुमारे १४४ रुपयांनाच पडला. महाग दिसणारे चामडे येथे स्वस्त ठरते.

प्रथम लहान नमुना घ्यावा, त्याची एक वस्तू करून काही आठवडे वापरून पाहावी आणि नमुन्याचा तुकडा तारखेसह जपून ठेवावा. दुसऱ्या खेपेचा माल त्या तुकड्याशी ताडून पाहावा. जनावर कोणते, कमावणी कोणती, थर कोणता, जाडी किती, या प्रश्नांची उत्तरे पुरवठादाराने सरळ द्यावीत व ती पावतीवर लिहावीत. दोष आपणहून दाखवून त्याप्रमाणे प्रत ठरविणारा व्यापारी सर्वच माल उत्तम म्हणणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा. एकट्याची मागणी थोडी असल्यास पाच-सहा कारागिरांनी मिळून एकाच घाण्यातील माल घ्यावा. म्हणजे दरही उतरतो आणि त्यांच्या तक्रारीलाही वजन येते.

एका चांगल्या खेपेवरून पुरवठादाराची परीक्षा होत नाही. तिसरी व चौथी खेप पहिल्या नमुन्याशी जुळली, तरच त्याच्या मालावर कारागिराने आपले नाव घालावे.