घरच्या रुग्णाचे व्हायटल्स: आधी श्वास मोजा

करोनाच्या काळात ताथवडे, वाकड, पुनावळे भागातल्या अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. आज रुग्णाला दवाखान्यात आणताना नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, ऑक्सिजन 96 आहे, बीपीही बरा आहे." मिनिटाला श्वास किती, हे मात्र क्वचितच कुणी मोजलेले असते.

न्यूमोनिया, दमा किंवा अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल, तर शरीर आधी श्वासाचा वेग वाढवते. त्या जोरावर ऑक्सिजनचा आकडा काही काळ टिकून राहतो. म्हणून 96 दिसले तरी धाप लागलेल्या रुग्णाला "नॉर्मल" समजू नका.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. रुग्ण शांत बसलेला किंवा झोपलेला असू द्या. मोजतोय हे सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी बघतोय असे भासवा. छाती किंवा पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी 12 ते 20 श्वास ठीक. 20 च्या वर राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, 25 किंवा जास्त असतील तर लगेच रुग्णालय गाठा. खोकला-ताप असलेल्या बाळात मिनिटाला दोन महिन्यांखाली 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला.

नेलपॉलिश, मेंदी, गार बोटे यांमुळे ऑक्सिमीटर चुकतो. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होऊ द्या. 94 किंवा कमी येत राहिला तर डॉक्टरांना कळवा. फुफ्फुसाचा जुना आजार (सीओपीडी) असेल, तर तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

बीपीची गंमत वेगळी. चाकणची रात्रपाळी संपवून, चहा-तंबाखू घेऊन लगेच मोजला तर तो वाढलेलाच दिसणार. अर्धा तास थांबा, पाच मिनिटे पाठ टेकून बसा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा, बोलू नका.

प्रत्येक आकडा वेळेसह वहीत लिहा. सकाळी 18 असलेले श्वास संध्याकाळी 24 झाले, हे आम्हाला एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. ओठ निळे पडणे, असंबद्ध बोलणे, छातीत दुखणे किंवा धापेमुळे वाक्य पुरे न होणे, यांपैकी काही दिसले तर मोजत बसू नका. 108 ला फोन करा आणि वही सोबत घ्या.