पद्मिनीचे जुने डोअर पॅड फेकू नका
आमच्या पुंडलिकनगरच्या उन्हापावसात उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे डोअर पॅड (दाराच्या आतल्या बाजूची आवरणे) फुगले, की लोक थेट नवे रेक्झिन चढवतात. माझ्या मते ही घाई आहे. कुजतो तो बहुधा आतला हार्डबोर्ड. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तो शोषतो. वरचे रेक्झिन अनेकदा शाबूत असते. ते गरम हवेने सैल करून, जुन्या पॅडवरून क्लिपांची भोके आखून नव्या बोर्डावर चिकटवता येते. पाणी अडवायला बोर्डामागे प्लॅस्टिकचा कागद मात्र हवाच! नवे स्वस्त पडते, हा आक्षेप रोजच्या गाडीपुरता मान्य. रेक्झिन तडकले असेल तर बदलावेच. पण कारखान्यात दाबून उठवलेल्या रेषा साध्या शिलाईने हुबेहूब येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी गेली, त्यामुळे नमुना बघायला मूळ पॅड मिळणे आणखी अवघड झाले आहे.